समुद्राकाठी कुठं जेवावं, हे मले विचारू नका

आधी हे लिहून काढते, मग बाकीची कामं. नाहीतर डोकं फुटेल माझं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मी अमरावतीत, आमच्या वरच्या खोलीत कूलरपुढं बसून एका प्रवासाच्या वेबसाईटसाठी लेख लिहून राहिली होती. ट्रायलवर. पुण्याच्या एक मॅडम विषय पाठवायच्या, मी धडाधड टाईप करून पाठवायची, आणि त्या त्याच्यावर इतक्या लाल खुणा करून परत पाठवायच्या की फाईल उघडली की गुलालच उधळला असं वाटायचं. पण मले आवडत होतं. खरंच. कॉलेज झाल्यावर पहिल्यांदा सकाळी उठावं वाटत होतं.

बाबा वकील आहेत. त्यांचं म्हणणं एकदम साधं होतं. "ट्रायल पास झाली तं कर नोकरी, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तं गपचूप लॉले ॲडमिशन घ्यायची." मी हो म्हटलं होतं. हो म्हणताना मले वाटलं होतं, लिहायचंच तं आहे.

आणि ट्रायलचा शेवटचा विषय आला: समुद्राकाठच्या एका उपनगरात कुठं जेवावं, तिथल्या स्थानिकांच्या सांगण्यावरून. मुंबईच्या कडेचं ते उपनगर. मी तिथं कधी गेलेली नाही. समुद्रच मी एकदा पाहिला, तोही शाळेच्या सहलीत, उलट्या करत करत. आमच्याकडे चौपाटी म्हणतात ती हातगाड्यांची रांग. तिथं पाणी म्हणजे पाणीपुरीतलं.

मॅडमची अट अशी की इंटरनेटवरून काही उचलायचं नाही. तिथं राहणाऱ्या माणसांशी फोनवर बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि लेखासोबत पाठवायचं. त्यांनी दोन नंबरही दिले. एक तिथल्या रिटायर्ड प्राध्यापकांचा, एक तिथं खानावळ चालवणाऱ्या बाईंचा. दोघांना त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं की मुलगी फोन करेल, रेकॉर्ड करेल. बाकीची माणसं मी शोधायची.

आईनं विषय वाचला आणि म्हणाली, "आपल्या घरात अंडं येत नाही आणि तू बोंबील लिहून राहिली?"

"मी खाऊन थोडी राहिली. विचारून राहिली."

"विचार मग. पण वास आल्यासारखं लिहू नको."

प्राध्यापकांना फोन लावला. मी खूश होती, प्रश्न लिहून ठेवले होते. त्यांनी "हॅलो" म्हटलं आणि मी सुरू झाली. "सर, तुमी बाहेर जेवता का? कुठी जेवता? काहून तिथंच जेवता? शेवटचं कधी गेलते? सोबत कोण होतं?"

मग ते म्हणाले, "तुम्ही नक्की कुठून बोलताय?"

"अमरावतीवरून. सांगा नं पण, काहून तिथंच?"

"हे बघा, मी काही गुन्हा केलेला नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रेकॉर्डिंग मॅडमला पाठवलं. त्यांचा निरोप आला: "तू प्रश्न विचारत नाहीयेस, उलटतपासणी घेतेयस. जरा गोड बोल." मी तोच निरोप जेवताना घरात वाचून दाखवला, मले वाटलं कोणीतरी माझ्या बाजूनं बोलेल. बाबांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. पूर्ण ऐकलं. 'सोबत कोण होतं' आलं तसा त्यांचा चेहरा असा फुलला की मी जन्माला आली तेव्हाही फुलला नसेल.

"वा! साक्षीदाराले श्वास घेऊ दिला नाही पोरीनं."

"बाबा, तो साक्षीदार नव्हता!"

"म्हणून तं सुटला," बाबा म्हणाले आणि वरण वाढून घेतलं. "तू लॉलेच जा. ते समुद्रफिमुद्र सोड."

मी तेव्हा इतकी चिडली की तसंच ताट ठेवून वर गेली. मग भूक लागली म्हणून परत खाली आली. त्याच्यावरही हसले ते दोघं.

आता गोड बोलायचं म्हणजे काय करायचं? मले कळेच ना. आमच्याकडे कोणी गोड बोलायला लागलं की समोरच्याले शंका येते. तरी मी आरशापुढं उभी राहून सराव केला. "नमस्कार ताई, आपण कशा आहात? आपला थोडासा वेळ घेऊ का?" आई दारात उभी राहून पदर तोंडात धरून ऐकत होती. मी दुर्लक्ष केलं आणि खानावळवाल्या बाईंना फोन लावला. आवाज असा मऊ काढला की माझाच मले ओळखू येईना.

"नमस्कार ताई, कशा आहात आपण? आपला थोडासा अमूल्य वेळ..."

"लोन नको आम्हाला," त्या म्हणाल्या आणि फोन कट.

परत लावला. "ताई, मी लोनवाली नाही हो..."

"क्रेडिट कार्डपण नको."

तिसऱ्यांदा लावला तर नंबर ब्लॉक. म्हणजे माझ्यासारखं बोललं तर मी पोलीस, मॅडमसारखं बोललं तर बँकवाली. मी मोबाईल गादीवर फेकला. जमिनीवर फेकायची हिंमत नव्हती, हप्ते सुरू होते.

त्याच आठवड्यात आईसोबत अकोल्याले मामाकडे जाणं झालं. मामा शाळेत शिक्षक आहे, पण त्याचं खरं काम म्हणजे कोणाचं काय कुठं अडलं ते ऐकायचं आणि फोन लावायचा. त्याच्या फोनमध्ये अर्धा वऱ्हाड आहे. मी सोफ्यावर तोंड पाडून बसली होती.

"काय झालं व? तोंड काहून सुजलं?"

मी सगळं सांगितलं. उपनगर, प्राध्यापक, लोन, लॉ, सगळं एका दमात. मामाले फक्त उपनगराचं नाव ऐकू आलं.

"अबे, तिथं तं आपले लोक हायेत!"

"मामा, मले तिथले लोक पाहिजेत. आपले नाही."

"वीस-बावीस वर्सं झाले त्याईले तिथं. अजून किती तिथले पायजेत तुले?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. मामाच्या हिवरखेडच्या मित्राची बहीण. नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडं गेलेली, आता तिथलीच झालेली. मी तिले काकू म्हणायचं ठरवलं.

मी माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तसं काकूले सांगितलंही. "कर नं बाप्पा, कर, मी काय चोरीचं बोलून राहिली का," ती म्हणाली. पण मले प्रश्न विचारू देईल तेव्हा नं! मी कोणाची, आई कोणाची, आमचं मूळ गाव कोणतं, मामाची बायको कोण्या गावची, हे सगळं झालं. मग मी कितवी शिकली. मग लग्न. लग्नावर मी विषय तोडला आणि ओरडलीच, "काकू, तुमी बाहेर कुठी जेवता ते सांगा नं!"

ती अजिबात घाबरली नाही. म्हणाली, "बाहेर? इथं? इथच्या वरणात गूळ राहते व माय. भाजीत खोबरं. मले तं पहिल्या वर्षी वाटे, रोजच सण हाय का काय या लोकायचा."

"पण समुद्राकाठी काहीतरी खात असाल की."

"खाल्लं नं एकदा. रोडगे."

मले वाटलं माझी थट्टा करून राहिली. रोडगे म्हणजे आमच्याकडचे. कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वरून तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात नाहीतर मारुतीच्या देवळापाशी सगळे जमून करतात. समुद्राकाठी कोण करते?

तं हे लोक करतात! काकू सांगत होती आणि इकडं मामा, मामी, आई सगळे फोनच्या भोवती येऊन बसले. झालं असं की त्या उपनगरात अकोला-अमरावतीकडची सात-आठ घरं. सगळ्यांना एकदम रोडग्यांची आठवण आली. गोवऱ्या मिळेना, म्हणून काकूच्या नवऱ्यानं अकोल्यावरून पोतंभर गोवऱ्या रेल्वेनं नेल्या. टीसीनं विचारलं यात काय आहे, तर हे म्हणाले, इंधन. टीसी उडालाच. पोतं उघडून दाखवावं लागलं. त्यानं नाक धरून पुढचा डबा गाठला.

मग रविवारी सगळे समुद्रावर. जागा कोणती निवडावी? वर कोरडी वाळू, भुसभुशीत, पाय रुततात. खाली पाण्याजवळची कशी मस्त सपाट, घट्ट, सारवल्यासारखी. तिथं खड्डा केला. गोवऱ्या रचल्या. चटया टाकल्या. रोडगे आरात घातले आणि बायका गप्पा मारत बसल्या.

"पाणी दूर होतं व बाई, चांगलं दूर," काकू म्हणाली. "आमाले वाटलं तिथंच राहते ते."

मामा इथं असा हसला की त्याले ठसका लागला. तलावाचं पाणी उन्हाळ्यात खाली जाते आणि खालीच राहते. वऱ्हाडात कोणतं पाणी दुपारी उठून माणसाच्या अंगावर येते? आधी एक लाट आली, चटईचं टोक ओलं झालं. यांनी चटई सरकवली. चटई! विस्तव नाही सरकवला. मग दुसरी आली आणि आर चुर्रर्र. राखेतून रोडगे तरंगायला लागले. काकूचा नवरा पॅन्ट वर करून एकेक पकडत होता, "खारे झाले, पण शिजलेत!" असं ओरडत. दूरवर मासे वाळवत बसलेली एक कोळीण कधीची हातवारे करत होती. यांना वाटलं, नमस्कार करून राहिली. यांनीपण हात हलवले. शेवटी ती पळत आली, वांग्याच्या भाजीचं पातेलं उचललं आणि वर कोरड्या वाळूत नेऊन ठेवलं. बाकी सगळं गेलं, भाजी वाचली.

"तवापासून ती आमची," काकू म्हणाली. त्या दिवसानंतर हे लोक समुद्रावर गेले नाहीत. महिन्यातून एकदा काकूच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, मोठ्या लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवतात. सोसायटीवाले आधी धुरावरून भांडले. मग जेवायला यायला लागले.

मले एकदम पटलं की माझा लेख मिळाला. पण मॅडमले अस्सल तिथली व्यक्ती लागणार हेही माहीत होतं. म्हणून काकूकडून त्या कोळणीचा नंबर घेतला. काकूनं आधी तिले फोन करून सांगितलं, रेकॉर्डिंगचंही, मग मी लावला. या वेळी आवाज मऊ वगैरे काही केला नाही. जशी बोलते तशीच बोलली.

"मावशी, तुमी बाहेर कुठी खाता? सरळ सांगा."

"तू ती अकोल्याच्या बाईची पोर काय गो? विचार, विचार. माझे गिऱ्हाईक याच्यावरून भांडतात."

काय सांगू, किती सोपं गेलं! ती माझ्यापेक्षा जोरात बोलत होती. तिनं सांगितलं, मासळी बाजाराच्या मागं एक चहावाला आहे, त्याच्याकडं सकाळी गरम पाव आणि खिमा मिळतो, होड्या लागल्या की तिथं उभं राहायला जागा नसते. बंदराच्या रस्त्यावर एक म्हातारी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी देते, तीही तिचं मन असलं तर. समुद्राकडं तोंड असलेल्या मोठ्या हॉटेलात आपण कधीच जात नाही. "मासे मी त्याला विकते, मला ठाऊक हाय त्याच्याकडं कुठले जातात," असं म्हणाली.

"मग तुमच्या घरच्या सगळ्यांना बाहेर खावं वाटलं, तं कुठी जाता?"

"गच्चीवर."

"कोणत्या?"

"तुमच्या लोकांच्या. दुसरी कुठली? माझा नातू तर विचारत असतो, ते राखेतले लाडू कधी? आम्ही जाताना बांगडे घेऊन जातो, शेवटल्या विस्तवात भाजतो. तुमच्यातले काही लोक तोंड फिरवून बसतात आणि काही आमच्यात येऊन बसतात."

मी अमरावतीले परत आली आणि एका बैठकीत लेख लिहिला. बोटं थांबतच नव्हती. पाव-खिमा, जवळ्याची म्हातारी, काकूच्या ओळखीतली अजून दोन ठिकाणं, आणि शेवटी गच्ची. भरती, चटई, पातेलं, नातू, सगळं. तिथल्या माणसांनीच सांगितलेलं, रेकॉर्डिंगसकट. आईले वाचून दाखवलं तं ती म्हणाली, "वास नाही आला. छान झालं." आईकडून एवढं म्हणजे खूप.

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी आला. जेवण झालं होतं, बाबा कोर्टाले सुट्ट्या म्हणून घरीच, दारातल्या खुर्चीवर पेपर घेऊन.

"फार जिवंत लिहिलंयस. फक्त ती गच्ची काढून टाक."

मले वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काहून?"

"अगं, वाचक समुद्र शोधत येतो. त्याला मासे हवेत, सूर्यास्त हवा. तिथे गव्हाचे गोळे कशाला? आणि ती माणसं काही स्थानिक नाहीत."

"मॅडम, बावीस वर्षं राहून राहिले ते तिथं. मतदान तिथं करतात. पोरं तिथं जन्मली. अजून काय केलं म्हणजे स्थानिक होतात?"

"ते ठीक आहे, पण..."

"आणि मावशी? तिचे आजे-पणजे तिथले. तिनंच सांगितलं गच्चीवर जातो म्हणून. रेकॉर्डिंग ऐकलं का तुमी?"

"ऐकलं."

"पूर्ण ऐकलं?"

तिकडं पेनाची टिकटिक. इकडं पेपरामागून बाबांचा अंगठा वर आलेला. मी त्यांच्याकडं पाठ केली.

"तुम्हीच म्हटलं होतं, स्थानिक सांगतील ते लिहायचं," मी म्हटलं. "आता ते सांगून राहिले तं तुमाले आवडून नाही राहिलं. मग त्यांना विचारायचं काहून? तुमालेच विचारलं असतं. तुमी सांगितलं असतं सूर्यास्त."

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाल्या, "तुझा मुद्दा बरोबर असेल. पण गच्ची काय कोणी वाचक जाऊन जेवू शकतो का? खासगी इमारत आहे ती. मी कुणाला पत्ता देऊ? संध्याकाळपर्यंत ती काढून पाठव, तुझं काम पक्कं करते. नाहीतर मला दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल."

पत्त्याचं त्यांचं बरोबरच होतं. तिथंच तं खरी चीड आली. त्या चुकीचं बोलल्या असत्या तं मी अजून भांडली असती.

फोन ठेवला. बाबा म्हणाले, "केस चांगली लढली."

"हरली नं पण."

"वकीलही हरतात. पण त्याईले फी मिळते."

"मले लॉ करायचं नाही, बाबा!" मी इतक्या जोरात ओरडली की समोरच्यांनी खिडकी उघडली.

दुपारभर बसली. गच्ची ठेवून पाठवलं तं लॉ. काढून पाठवलं तं नोकरी, आणि लेखात उरते काय? पाव, खिमा, भाकरी. सगळं खरंच आहे, पण ते कोणीही शोधून काढलं असतं. एकदा वाटलं, एक ओळ तरी लपवून ठेवावी. ठेवली, वाचली, अशी विचित्र दिसत होती जशी लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात कोणाचा नुसता कोपर. तीही काढली. आणि पाठवून दिला.

लेख आला. वर सूर्यास्ताचा फोटो. माझे सगळे 'काहून' जाऊन तिथं 'का बरं' आलेले. मावशी त्यात अशी बोलत होती जशी आकाशवाणीवर बातम्या देते. नोकरी पक्की झाली. आईनं शिरा केला. बाबांनी शब्द पाळला, एक शब्द बोलले नाहीत. पण आनंद म्हणावा तसा मले होईना, आणि त्याचाही राग येऊन राहिला होता.

आता काकूले काय सांगायचं? ती लेखाची वाट पाहत असणार. तिनं टीसीपासून सगळं सांगितलं होतं, मावशीले फोन करून दिला होता. तिला दोन दिवस फोन नाही केला. मग तिचाच आला. मी तिला बोलूच दिलं नाही. "काकू, मी लय भांडली, खरंच, मॅडमले नाही नाही ते बोलली, पण त्याईनं गच्ची..."

"बरं केलं नं काढलं ते."

"काय?"

"अवं, मी त्याच्यासाठीच फोन करून राहिली. मले तं लेख वाचेपर्यंत झोप नव्हती. छापून आलं असतं नं, तं बम लोक आले असते जिना चढून. आताच पुरत नाहीत रोडगे. कोळीणबाईचे पाहुणेच बारा येतात. ती मले म्हणे, त्या पोरीले सांग लिहू नको, मी बोलून बसली. तिनं तं ते चहावाल्याचंबी सांगायले नव्हतं पायजे, म्हणे, आता तिले सकाळी पाव नाही भेटणार."

म्हणजे ज्याच्यापायी मी पुण्याशी भांडली, लॉच्या दारापर्यंत जाऊन आली, ते या दोघींना नकोच होतं! आणि जे छापलं तेही नको होतं! मले हसू येत होतं की रडू, तेही ठरेना.

"काकू, मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठी? तू कुठी जेवता म्हणून विचारलं. लिहू का म्हणून नाही विचारलं." बाबांनी हे ऐकलं असतं तं काकूलेच लॉले पाठवलं असतं. मग ती एकदम मवाळ झाली. "तू येजो नं पण. तुले कोणी नाही म्हणत का? रविवारी रोडगे हायेत. सकाळच्या गाडीत बस."

मले जायचं होतं. खरंच, त्या वेळी मले दुसरं काहीच नको होतं. गच्ची पाहायची होती, मावशीचा आवाज समोरून ऐकायचा होता, घमेलं किती मोठं आहे ते पाहायचं होतं. मी मॅडमले मेसेज टाकला, रविवारी सुट्टी पाहिजे म्हणून, चांगलं मऊ मराठी वापरून.

लगेच उत्तर आलं. शनिवार-रविवार लोक फिरायला निघतात, तेव्हाच आपली साईट सगळ्यात जास्त वाचली जाते. ट्रायलवर होतीस तोवर ठीक होतं. आता तू पक्की आहेस, तुझी सुट्टी बुधवारी.

मी काकूले फोन करून विचारलं, बुधवारी नाही का करता येणार. ती म्हणाली, "बुधवारी कोण येते व माय? साऱ्यायले नोकऱ्या हायेत."